मोफत उपचारांचा खर्च



‘सरकारी दवाखान्यात हार्ट अटॅकवर फुकट उपचार होतात, मग खर्चाची ओरड कशाला?’ हा एका पत्रलेखकाचा सवाल पटला नाही. मे २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली आणि स्टेंटच्या किमतीवर तर २०१७ पासूनच मर्यादा आहे, हे मान्य. पण आम्हा चिखलदरेकरांचा खर्च दवाखान्याच्या दारात पोचण्याआधीच होतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अचलपूरला लॉकडाऊन होता. तेव्हा शेजारच्या काकांच्या छातीत रात्री कळ आली. जीपवाल्याला आधी पैसे हवे होते; काकूंनी कानातले काढून त्याच्या हातावर ठेवले. घाट उतरून अमरावती ऐंशीएक किलोमीटर. तिथे आधी कोरोनाची तपासणी, मग खाटेची वाट. हॉटेलं बंद, मुलगा दोन दिवस बिस्किटांवर राहिला. काका वाचले, पण ते कानातले अजून परत झालेले नाहीत.

हृदयाचा स्नायू तासातासाने मरतो, हे पत्रलेखकाने ध्यानात घ्यावे. ईसीजी आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन चिखलदऱ्यातच चोवीस तास मिळावे, ही शासनाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, चिखलदरा