खेळण्यांचा संग्रह : छंद की व्याधी?

प्रौढ माणसाने खेळणी जमवावीत, ही गोष्ट आपल्या समाजाला अजूनही सहजासहजी पचत नाही. टपाल तिकिटे, नाणी, ग्रामोफोनच्या तबकड्या जमवणाऱ्याला आपण रसिक म्हणतो. पण तिशीतल्या एखाद्या अभियंत्याच्या कपाटात जपानी यंत्रमानवांची रांग दिसली, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. ‘डॉक्टरसाहेब, हा अजून खेळणी विकत आणतो, याला कुणाला दाखवावे का?’ असा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला एकाहून अधिक पालकांनी विचारला आहे. आपल्यापैकी अनेकांना तो कधी ना कधी विचारला जाईल, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करावासा वाटतो.

प्रथम ही खेळणी कोणती, ते पाहू. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ ही मालिका लागत असे. मनगटावरील घड्याळातून हुकूम देणारा मुलगा आणि त्याचा आज्ञाधारक महाकाय यंत्रमानव आज पन्नाशीच्या आसपास असणाऱ्या वाचकांना आठवत असेल. मूळ जपानी मालिका १९६७-६८ सालची. पुढच्या पिढीने केबलवर ‘पॉवर रेंजर्स’ पाहिली. ही अमेरिकन मालिका १९९३ साली सुरू झाली, ती १९९२ च्या ‘झ्युरेंजर’ या जपानी मालिकेतील दृश्ये वापरून. त्यात पाच वीर, त्यांची पाच यांत्रिक श्वापदे, आणि संकटसमयी त्या पाचांचा मिळून होणारा एक अजस्र योद्धा. एकाचे धड, दुसऱ्याचे बाहू, आणखी दोघांचे पाय आणि पाचव्याची छातीवरची ढाल. या मीलनाला जपानीत ‘गात्ताई’ म्हणतात. देह एकत्र येणे, असा त्याचा शब्दशः अर्थ.

ही कल्पना पडद्यावर १९७४ च्या ‘गेटा रोबो’ या चित्रमालिकेत आली. तीन विमाने एकत्र येऊन त्यांचा यंत्रमानव होई; परंतु चित्रकाराच्या कुंचल्याला जे साधले, ते धातूला साधणारे नव्हते. १९७६ च्या ‘कॉम्बॅटलर व्ही’ या मालिकेत पाच वाहने अशी आखली गेली, की बालकाच्या हातातही ती खरोखर जोडली जावीत. पॉपी या कंपनीने जस्ताच्या मिश्रधातूची अशी खेळणी ‘चोगोकिन’, म्हणजे महामिश्रधातू, या नावाने बाजारात आणली होती. ही कंपनी १९८३ साली बांदाई या मोठ्या कंपनीत विलीन झाली. मुखवटाधारी वीरपथकांच्या मालिकांत जोडला जाणारा यंत्रमानव प्रथम १९८१ च्या ‘सन व्हल्कन’मध्ये अवतरला. तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी नवी मालिका आणि नवी जोडणी, असा क्रम पडला. प्रत्येक सांधा दोन रूपांत उपयोगी पडला पाहिजे, वजन पायांवर तोलले गेले पाहिजे, आणि लहान मुलाच्या बोटांना ते जमले पाहिजे. शरीररचनाशास्त्र शिकलेल्या माणसाने तरी या कारागिरीला हसू नये.

आता व्याधीचा प्रश्न. वस्तूंचा विकृत साठा करणे ही मानसिक व्याधी आहे आणि २०१३ साली ‘डीएसएम-५’ने तिला स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. तिची लक्षणे स्पष्ट आहेत. मोल असो वा नसो, कोणतीच वस्तू टाकवत नाही. टाकण्याच्या विचारानेही जीव कासावीस होतो. आणि पसाऱ्यामुळे स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघरसुद्धा वापरता येईनासे होते. संग्राहकाचे वर्तन नेमके याच्या उलट असते. तो निवडतो, नाकारतो, वर्गवारी लावतो, पुसतो, मांडतो आणि कुणी विचारले तर आनंदाने दाखवतो. नोकरी, झोप, नाती आणि देणी सुरळीत असतील तर तिथे रोग शोधणे म्हणजे निदानाचा दुरुपयोग होय. वयाची तिशी, लग्न न होणे आणि कपाटातील खेळणी या तीन गोष्टी एका ओळीत लिहिल्याने आजार सिद्ध होत नाही.

या गैरसमजाची किंमत मी पाहिली आहे. एका घरात मुलगा परगावी नोकरीला असताना घराला रंग काढण्यात आला आणि माळ्यावरचा त्याचा खोका कबाडीवाल्याच्या हातगाडीवर गेला. त्यातला एक भाग त्याआधीच शेजारच्या मुलाला खेळायला दिला होता. मुलाने भांडण केले नाही; फक्त त्या वर्षी दिवाळीला तो घरी आला नाही. ‘भंगारच तर होते हो,’ असे म्हणताना आईच्या डोळ्यांत पाणी होते. हातखर्चाचे पैसे साठवून घेतलेल्या पहिल्या वस्तूंबरोबर, आपले ऐकले गेले नाही ही जाणीवही त्या हातगाडीवरून गेली होती. पाचांपैकी एक पाय नसेल तर उरलेले चार तुकडे उभेही राहू शकत नाहीत, हे त्या माउलीला कुणी सांगितलेच नव्हते.

आज जी अडगळ वाटते, तिचा उद्या ठेवा होतो, याचे उदाहरण आपल्याच समाजात आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर चष्म्यांचा व्यवसाय करीत. अडकित्ते, दिवे, कुलुपे, वाद्ये अशा नित्याच्या वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या. बालवयात निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आपल्या भोपाळजवळ नर्मदाकाठच्या बुधनीला दुधीच्या लाकडाची लाखेने रंगवलेली खेळणी घडतात. आपल्यापैकी किती घरांत त्यांचा एखादा जुना लट्टू शिल्लक आहे? जी खेळणी कुणीच जपली नाहीत, त्यांचा इतिहासही कुणी लिहीत नाही.

तथापि, छंदाची पाठराखण करताना डॉक्टर म्हणून काही पथ्येही सांगितली पाहिजेत. पहिले पथ्य पैशाचे. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक झाले. हौसेला आता बराच दाम मोजावा लागतो. तेव्हा वार्षिक मर्यादा ठरवून ती घरात सर्वांना ठाऊक असावी. कर्ज काढून वा लपवून खरेदी होऊ लागली, तर मात्र खुशाल आमच्याकडे यावे.

दुसरे पथ्य नातवंडांचे. संग्राहकाची वस्तू बालकाचे खेळणे असतेच असे नाही. अमेरिकेत १९७८ साली खेळण्यातून सुटलेले चिमुकले क्षेपणास्त्र घशात अडकून एका बालकाचा मृत्यू झाला आणि पुढे अशा खेळण्यांची घडणच बदलली. बटन सेल गिळला गेल्यास दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून कपाटाला कुलूप हवेच.

तिसरे पथ्य जपणुकीचे. ठेवण्यापूर्वी बॅटऱ्या काढाव्यात, कारण अल्कलाइन बॅटरीतून गळणारा क्षार धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतो. उन्हाने प्लास्टिक पिवळे पडते आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने चिकटचित्रे सुटतात. प्रत्येक वस्तूची नोंद एका वहीत असावी. संग्राहकाच्या पश्चात तिचे काय करायचे, हेही त्यात लिहावे.

आणि पालकांसाठी एकच पथ्य : मुलांच्या माळ्यावरच्या खोक्याला हात लावण्यापूर्वी एक फोन करावा. आपली मुले पुणे, बंगळुरू, अमेरिकेला विखुरली आहेत. येत्या सुट्टीत ती आली, की तो खोका खाली काढून ‘हे कसे जोडतात रे?’ असे विचारून पाहावे. औषधाची चिठ्ठी न लिहिता करता येण्याजोगा इतका स्वस्त उपचार माझ्या माहितीत तरी दुसरा नाही.