उपचारापूर्वीची पायरी

रोगाचे निदान झाले की तात्काळ शस्त्रक्रिया व्हावी, ही रुग्णाच्या आप्तांची अपेक्षा स्वाभाविक होय. परंतु अन्ननलिका व जठर यांच्या कर्करोगात निदान आणि उपचार यांच्यामध्ये आणखी एक पायरी असते. रोग किती पसरला आहे, याचे मोजमाप करण्याची ती पायरी होय.

दुर्बिणीने पाहून व तुकडा तपासून कर्करोग आहे, एवढेच कळते. तो किती खोल गेला, शेजारच्या लसिका ग्रंथींत शिरला काय, यकृतात वा फुप्फुसात पोहोचला काय, हे कळत नाही. फ्रेंच शल्यविशारद पिएर देन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात याच तीन प्रश्नांवर आधारलेले वर्गीकरण सिद्ध केले. आज ते जगभर प्रमाण मानले जाते. त्यासाठी छातीचा व पोटाचा सी. टी. स्कॅन करावा लागतो. जठराच्या रोगात पोटाच्या अस्तरावरील बारीक गाठी स्कॅनलाही चुकवितात. म्हणून पुष्कळदा लहान छिद्रातून पोटात दुर्बीण घालून पाहावे लागते.

या उत्तरांवरच उपचाराची दिशा ठरते. अगदी वरच्या थरातील रोग दुर्बिणीतूनच काढता येतो. खोलवर गेलेल्या रोगात बहुधा आधी औषधे, कधी किरणोपचार व मग शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. दूरवर पसरलेल्या रोगात मोठ्या शस्त्रक्रियेने सहसा यातनाच वाढतात. तेथे औषधे आणि घास उतरावा म्हणून बसविलेली नळी अधिक हितकारक ठरते.

हे शास्त्र तुमसर तालुक्यातील बपेरा येथील शेतकऱ्यापर्यंत पोहोचावे कसे? त्याच्या लेखी प्रत्येक तपासणी म्हणजे भंडारा वा नागपूरची आणखी एक फेरी, बुडालेली मजुरी आणि धानाच्या चुकाऱ्याला लागलेली गळती. घास अडकून माणूस दिवसेंदिवस खंगत असताना तपासण्या त्याला टाळाटाळ वाटल्या, तर दोष त्याचा नव्हे. दोष त्या विखुरलेल्या ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. दुर्बिणीची तपासणी जिल्ह्यातच व्हावी, पुढील सर्व तपासण्या एकाच मुक्कामात उरकाव्यात आणि त्या अवधीत रुग्णाच्या पोषणाची तजवीज असावी, ही मागणी अवास्तव नाही.

गावातील सुशिक्षितांवरही एक जबाबदारी येते. घास अडकत असेल, तर पित्ताच्या औषधावर दिवस न काढता रुग्णास तपासणीस धाडावे. आणि शस्त्रक्रिया ठरली असेल, तर रोग कोणत्या टप्प्यावर आहे, हे डॉक्टरांना आधी विचारावे. त्या प्रश्नात अविश्वास नाही. उपचाराचा आरंभच तेथून होतो.