एअरबॅगचा दिवा विझत नसेल तर

गाडी सुरू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. तो लागूनच राहिला तर अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. सोबत हॉर्नही बंद पडला असेल, तर आमचा पहिला संशय स्टिअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगवर. चाक फिरून फिरून तिची पट्टी तुटते.

मेकॅनिक स्कॅनरवर कोड बघतो, बॅटरी सोडवून थोडा थांबतो आणि एअरबॅगच्या जागी ठरावीक रेझिस्टर जोडतो. कोड गेला तर दोष एअरबॅगचा, राहिला तर वायरिंगचा किंवा क्लॉक स्प्रिंगचा. एअरबॅगला साधा मीटर लावू देऊ नका. ती फुटू शकते. नुसता बल्ब काढून दिवा विझवणं ही तर फसवणूकच.

एअरबॅग पट्ट्याच्या जोडीनेच वाचवते. आपल्याच जिल्ह्यात चारोटीजवळ ४ सप्टेंबर २०२२ला सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेल्या त्यांनी पट्टा बांधला नव्हता. वसई-विरारहून महामार्गाला लागण्याआधी दिवा बघा, पट्टा बांधा.