पाणी तिकडे, आपण इकडे

पावसाळा लागला की सांगलीकराचे दोन प्रश्न ठरलेले, मग तो जगात कुठंही असो. ‘कोयनेतून किती सोडलंय?’ आणि ‘आयर्विनला किती झालं?’ ऑगस्ट २०१९मध्ये दुसऱ्याचं उत्तर ऐकवत नव्हतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, टिळक चौक, मारुती रोड बुडाले. गावाकडचे रस्ते एकेक करून बंद झाले, शिरोलीजवळ तर पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला. आई-वडील गावभागात वरच्या मजल्यावर अडकलेले आणि मी पुण्यात.

अशा वेळी वाटतं, इथं बसून आपला काय उपयोग? उपयोग असतो, आणि फार मोठा असतो. पुरात अडकलेल्याकडे नेमकं जे नसतं ते आपल्यापाशी असतं: वीज, रेंज, भरलेली बॅटरी आणि दोन तास शांतपणे फोन लावत बसायची सोय. आम्ही पुण्यातल्या काही सांगलीकरांनी मिळून एक यादी केली. कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर, किती माणसं, कोण आजारी, कोण गरोदर. जे बाहेर पडले त्यांची नावं लगेच खोडायची. हे खोडणं फार महत्त्वाचं. नावा मोजक्याच होत्या. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला गच्च भरलेली नाव उलटली आणि माणसं गेली. अशा दिवसांत रिकाम्या घराकडे नाव धाडणं म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी वाट लांबवणं.

आमच्या घराकडे फोन लागत नव्हता, पण शेजारच्या काकूंचा लागला. त्यांना काळजी इन्सुलिनची. वीज गेलेली, फ्रिज बंद. पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारून त्यांना सांगितलं, ‘काकू, घाबरू नका. बाटली कोरड्या डब्यात घाला, डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळा आणि माठाशेजारी सावलीत ठेवा.’ त्या म्हणाल्या, ‘बरं झालं बाई, मी टाकूनच देणार होते.’ मग त्यांनीच खिडकीतून हाक मारून आईची खुशाली विचारली आणि मला कळवली. मी त्यांच्यासाठी फोन केला आणि माझ्या घरची खबर आली. मदतीचा हात असाच फिरून येतो, यावर माझा तेव्हापासून विश्वास आहे.

कामं पुण्यातही होती. सांगली-कोल्हापूरची कितीतरी मुलं इथं शिकतात. घरून पैसे यायचे थांबले, घरच्यांचा आवाज कानावर नाही. त्यांच्या मेसचे पैसे भरणं, त्यांना रात्री घरी जेवायला बोलावणं, ही पूरग्रस्तांना केलेलीच मदत होती.

आणि पाणी उतरल्यावर खरी गरज सुरू होते. जुन्या कपड्यांचे ढीग शिरोळ तालुक्यात रस्त्याकडेला भिजत पडलेले मी पाहिले. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, पण कुणी विचारलंच नव्हतं, ‘काय लागतंय?’ विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं: फावडी, खराटे, ब्लीचिंग पावडर, फिनेल, सॅनिटरी पॅड, जनावरांना वैरण, पोरांना वह्या. घरात गुडघाभर चिखल असताना साडीपेक्षा खराटा मोलाचा असतो. गर्दी ओसरल्यावर, गणपतीनंतर, दिवाळीच्या आधी गेलेली मदत तर लोक कधी विसरत नाहीत.

सांगलीत २००५ला पाणी आलं, २०१९ला आलं, २०२१ला पुन्हा आलं. तेव्हा परगावी राहणाऱ्या प्रत्येकानं मे महिन्यातच एवढं करावं. आपल्या गल्लीतल्या चार घरांचे नंबर घ्यावेत. कोण एकटं राहतं, कुणाला कुठलं औषध चालू आहे, हे लिहून ठेवावं. तिथल्या एखाद्या औषध दुकानदाराशी आणि नाव चालवणाऱ्या एखाद्या मंडळाशी ओळख करून ठेवावी. पाणी वाढू लागल्यावर ही माहिती गोळा करता येत नाही. आज एका संध्याकाळी होते.