प्रिंटर रुसतो तेव्हा...

जून महिन्याचा दुसरा आठवडा. शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाचे दिवस. तालुक्याच्या गावातल्या बाजारपेठेतला एखादा छोटासा फोटो स्टुडिओ डोळ्यांसमोर आणावा. बाकावर चार-पाच मुले-मुली, कुणासोबत वडील, कुणासोबत आई. प्रत्येकाला पासपोर्ट आकाराच्या आठ प्रती हव्यात आणि त्याही आत्ताच, कारण अर्जाची मुदत उद्या संपते. फोटो काढून होतात, संगणकावर नीटनेटके होतात, छपाईची आज्ञा दिली जाते आणि प्रिंटरमधून बाहेर येतो तो हिरवट चेहऱ्यांचा, आडव्या पांढऱ्या रेघांनी कापलेला कागद! हेड साफ करण्याची आज्ञा दिली जाते. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी रेघा कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. तोवर बाकावरचे पहिले गिऱ्हाईक उठून समोरच्या दुकानात गेलेले असते.

रात्री शटर ओढताना दुकानाचा मालक चिडून म्हणतो, "बास झालं! या कंपनीचं नाव नको आता. उद्याच शहरात जातो आणि दुसऱ्या कंपनीचा घेऊन येतो."

दुकानाचा हिशेब सांभाळणारी त्याची बायको शांतपणे विचारते, "अहो, पण तीन वर्षांपूर्वी आधीचा टाकून हा आणलात, तेव्हाही हेच म्हणाला होतात ना?"

या साध्या प्रश्नातच सारे मर्म आहे. फोटोच्या धंद्यातला प्रिंटर म्हणजे हौसेची वस्तू नव्हे. त्याच्यावर घराची चूल पेटते, कर्जाचा हप्ता जातो. तो ऐन गर्दीत रुसला की संताप येणे साहजिकच आहे. पण संतापाच्या भरात कंपनी बदलली आणि बिघाडाचे मूळ तसेच राहिले, तर नव्या यंत्रासोबतही पहिले पाढे पंचावन्न!

दोष यंत्राचा की सवयीचा?

बहुतेक स्टुडिओंत शाईचे थेंब उडवणारा, म्हणजे इंकजेट जातीचा प्रिंटर असतो. त्याच्या हेडला केसाहूनही बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. एप्सनच्या यंत्रांत विजेचा दाब मिळताच आकार बदलणारा एक स्फटिक शाई पुढे ढकलतो. कॅनन आणि एचपी यांच्या यंत्रांत छिद्रामागचा सूक्ष्म तापक शाई क्षणभर उकळवतो आणि त्या बुडबुड्याच्या धक्क्याने थेंब बाहेर पडतो. पहिल्या प्रकारचे हेड सहसा यंत्राच्या आयुष्याइतके टिकावे असे बनवलेले असते. पण ते बिघडले तर कारागीर बोलवावा लागतो आणि खर्चही मोठा येतो. दुसऱ्या प्रकारचे हेड झिजणारे असते. मात्र अनेक मोठ्या यंत्रांत ते दुकानदाराला स्वतःच काढून नवे बसवता येते. दोन्ही पद्धतींना आपापले गुण आहेत. पण एक गोष्ट दोघींनाही लागू आहे. वापर नसला की छिद्राच्या तोंडाशी शाई वाळते.

हे टाळण्यासाठी यंत्रातच सोय केलेली असते. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, की हेड एका कोपऱ्यात जाऊन ओलसर टोपणावर बसते आणि छिद्रे झाकली जातात. पण अनेक दुकानांत रात्री भिंतीवरचे मुख्य बटण दाबून सारे काही एकदम बंद करण्याची पद्धत असते. छपाई चालू असतानाच वीज जाते, तेव्हाही तेच होते. हेड वाटेतच उघडे राहते आणि रात्रभरात शाई सुकते. सकाळी रेघा उमटल्या, की बोल लागतो तो कंपनीला!

हवेचाही मोठा हात असतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात शाई लवकर वाळते, तर कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात कागद दमट होऊन वाकतो, त्याची कड हेडला घासते किंवा तो आत नीट सरकतच नाही. हवेतील आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास असली, तर शाई आणि कागद दोघेही सुखात राहतात. शिवाय दुकानातला देव्हारा आणि प्रिंटर एकाच फळीवर असेल, तर उदबत्तीची राख आणि धूर यंत्रात जातो. डोक्यावरचा पंखा रस्त्यावरची धूळ आणून घालतो ती वेगळीच. प्रिंटरवर रात्री एक स्वच्छ सुती कापड घालणे, ही दहा रुपयांची काळजी दहा हजारांचा खर्च वाचवू शकते.

हेड वारंवार साफ करणे हाही उपाय नव्हे. प्रत्येक सफाईत महागडी शाई छिद्रांतून ओढून टाकाऊ शाईच्या गादीत किंवा टाकीत सोडली जाते. ती गादी भरली, की यंत्र आपणहून काम थांबवते. काही यंत्रांत ही टाकी पाच मिनिटांत बदलता येते, काहींत मात्र दुरुस्ती केंद्र गाठावे लागते. खरेदीच्या वेळी हा प्रश्न विचारणारे फार थोडे असतात.

एक वही, रोज दोन ओळी

मग कंपनी कधी बदलावीच नाही काय? तसे मुळीच नाही. कधीकधी बदल हाच शहाणपणा असतो. पण तो ठरवण्याआधी शंभर पानी साध्या वहीचा आधार घ्यावा. रोज सकाळी दुकान उघडल्यावर छिद्रांच्या तपासणीचा नमुना छापावा, त्यावर तारीख घालावी आणि वहीत दोन ओळी लिहाव्यात. काल दुकान चालू होते की बंद? वीज गेली होती का? शाई कंपनीची की बाहेरची? बिघाड कोणता? दुरुस्तीवाल्याला फोन केव्हा केला आणि तो आला केव्हा? बिल किती झाले?

महिना-दोन महिन्यांत ही वही बोलू लागते. बिघाड नेहमी सुटीच्या दुसऱ्या दिवशी येत असेल, तर यंत्र रिकामे बसते हे त्याचे कारण. अशा वेळी सुटीच्या दिवशीही एक रंगीत पान छापण्याचा नेम धरावा. बिघाड वीज गेल्यानंतर येत असेल, तर यूपीएस हा उपाय आहे. बाहेरची स्वस्त शाई भरल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर ती शाई बंद करून पाहावी. हे सारे सांभाळूनही तोच दोष पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा दुरुस्तीवाला यायला दरवेळी आठवडा लागत असेल, तर मात्र कंपनी बदलण्यास सबळ कारण आहे. तेव्हा कीव करीत बसू नये.

काम कसे, तसे यंत्र

बदल करायचाच तर नुसते नाव बदलून भागत नाही; आपले काम कोणत्या जातीचे आहे ते पाहावे लागते. लग्नाचे मोठे फोटो, भिंतीवरच्या तसबिरी, निरनिराळे कागद असे काम रोजच्या रोज असेल, तर रंगद्रव्याची शाई वापरणारा मोठा इंकजेट प्रिंटर उत्तम. तो सतत चालता राहिला तर कुरकुर करीत नाही.

पण काम मुख्यतः पासपोर्ट आणि पोस्टकार्ड आकाराच्या फोटोंचे असेल, आणि तेही कधी गर्दी तर कधी चार दिवस शुकशुकाट असे असेल, तर डाय-सब्लिमेशन जातीचा प्रिंटर सोयीचा पडतो. त्यात द्रव शाई नसतेच. पिवळा, किरमिजी आणि निळा असे रंगांचे पट्टे असलेली रिबन असते. उष्णतेने रंगाची वाफ होऊन ती कागदात मुरते आणि शेवटी वरून पारदर्शक थर चढतो. वाळायला काही नाही, म्हणून तुंबायलाही काही नाही. महिनाभर बंद राहिला तरी तो तक्रार करीत नाही. प्रत्येक प्रतीचा खर्च ठरलेला असल्याने हिशेबही सोपा राहतो.

त्याच्याही मर्यादा आहेत. फोटोचा आकार ठरावीकच मिळतो. कागद आणि रिबन जोडीने, त्या यंत्रासाठी बनवलेलीच घ्यावी लागते. फोटोत एखादाच ठिपका रंगवायचा असला तरी रिबनचा पूर्ण संच खर्ची पडतो आणि धुळीचा एक कणही फोटोवर ओरखडा उमटवू शकतो.

मोठ्यांनाही चुकले नाही

यंत्र बदलण्याची पाळी केवळ लहान दुकानदारांवरच येते असे नाही. ग्रॅहम नॅश हे पाश्चात्त्य संगीतातील प्रसिद्ध गायक. त्यांना छायाचित्रणाचाही मोठा नाद. आपली छायाचित्रे छापण्यासाठी त्यांनी आयरिस ३०४७ नावाचा प्रिंटर घेतला, त्याची किंमत होती १,२६,००० डॉलर! पुस्तके-मासिके छापण्याआधी रंगांचा कच्चा नमुना काढणे, हे त्या यंत्राचे मूळ काम. १९९१ मध्ये सहकारी मॅक होल्बर्ट यांच्यासह त्यांनी कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे 'नॅश एडिशन्स' ही छपाईशाळा काढली. जाड कागद चालावा म्हणून त्या महागड्या यंत्रात त्यांनी स्वतःच कापाकापी केली. छपाई देखणी होत असे, पण सुरुवातीच्या शाया लवकर फिक्या पडत. रंग टिकावेत म्हणून पुढे हीच छपाईशाळा रंगद्रव्याची शाई वापरणाऱ्या एप्सनच्या यंत्रांकडे वळली. त्यांचा तो पहिला आयरिस २००५ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. त्यांनी यंत्र बदलले ते रागाने नव्हे, तर जुने यंत्र नेमके कुठे कमी पडते हे ओळखून.

नवे यंत्र, नवा संसार

नवा प्रिंटर घरी येतो तो एकटा येत नाही. जुन्या कंपनीची उरलेली शाई, रिबन त्याला चालत नाही. म्हणून बदल ठरला की जुना साठा आधी संपवावा. प्रत्येक कागदासाठी रंगांची जुळणी, ज्याला प्रोफाइल म्हणतात, ती नव्याने करावी लागते. नाहीतर मागच्या वर्षी दिलेल्या लग्नाच्या अल्बममधली नवरी गव्हाळ आणि या वर्षी काढून दिलेल्या प्रतीत तीच लालसर दिसते, आणि गिऱ्हाईकाची समजूत घालता घालता पुरेवाट होते.

म्हणून विक्रेत्याच्या दुकानातले गुळगुळीत नमुने पाहून भुलू नये. आपलाच एखादा फोटो पेनड्राइव्हमध्ये घालून न्यावा. त्यात सावळा चेहरा, पांढरा सदरा, काळे केस आणि जरीचा काठ या चारही गोष्टी असाव्यात. तो समोर छापून घ्यावा आणि दिवसाच्या उजेडात पाहावा. तेच यंत्र दोन-तीन वर्षे वापरणाऱ्या एखाद्या स्टुडिओवाल्याला गाठून त्याचा अनुभव विचारावा. शाई किंवा रिबन जवळच्या शहरात मिळते का, दुरुस्तीवाला कुठून येतो, हेही आधीच पक्के करावे. नावाच्या मोठेपणावर विसंबू नये. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेरे आणि फोटोंच्या व्यवसायातून माघार घेतली, तर कोडॅकसारख्या कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. आणि महत्त्वाचे म्हणजे, ऐन लग्नसराईत किंवा प्रवेशाच्या दिवसांत यंत्रबदल करू नये. मधल्या मंदीच्या महिन्यात नवे आणावे आणि हात बसेपर्यंत जुने चालू ठेवावे.

हक्कही ठाऊक असावा

यंत्र वॉरंटीत असूनही दाद मिळत नसेल, तर गप्प बसण्याचे कारण नाही. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही, असा अनेकांचा समज असतो. तो पूर्ण खरा नाही. केवळ स्वयंरोजगारातून आपला चरितार्थ चालवण्यासाठी वस्तू घेतली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती घेणाराही ग्राहकच ठरतो. आपण राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मात्र ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. अशा वेळी बिल, दुरुस्तीच्या पावत्या आणि ती तारीखवार लिहिलेली वही हाच खरा पुरावा.

आता पुन्हा त्या तालुक्याच्या दुकानात डोकावावे. ऑगस्ट उजाडला आहे. वही अर्धी भरली आहे. नवरा पाने उलटतो आणि जरा ओशाळून म्हणतो, "अगं, निम्म्या वेळा तर आपणच बटण भिंतीवरून बंद केलं होतं."

"आणि उरलेल्या निम्म्या वेळा दुरुस्तीवाला आठ-आठ दिवस आला नाही, तेही लिहिलंय," ती म्हणते. "तेव्हा पासपोर्टच्या कामाला रिबनचा घेऊ. हा मोठ्या फोटोंना राहू दे. आता याला नीट झाकून ठेवायचं, म्हणजे झालं."

नवे यंत्र येईल ते गणपतीनंतर, गर्दी ओसरल्यावर. देव्हारा मात्र आजच समोरच्या भिंतीवर गेला आहे.