स्वस्त बोर्ड घ्या, शिळा घेऊ नका

घरचं यंत्र : साप्ताहिक सदर
जोडारी

गेल्या आठवड्यात पवनी तालुक्यातल्या एका गावाहून एक तरुण एसटीनं भंडाऱ्याला आला. मांडीवर धानाचा बारदाना आणि बारदान्यात गुंडाळलेला कॅबिनेट. गावात त्याचं अर्ज भरायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे फॉर्म, धान विक्रीची नोंदणी, पोरांचे पासपोर्ट फोटो, सगळं तिथंच होतं. धानाची नोंदणी सुरू झाली की सकाळपासून दाराशी चपलांचा ढीग लागतो. नेमकं त्याच दिवसांत मशीन बंद पडलं.

"भाऊ, बोर्ड उडला," तो म्हणाला. "दुकानवाला म्हणते, दोन हजारात नवाच बोर्ड भेटते. टाकून देऊ का जी?"

हा प्रश्न मला सतत विचारला जातो. कधी पोराला बारावीनंतर कॉम्प्युटर घेऊन देणारा बाप विचारतो, कधी राइस मिलचा मुनीम, कधी टायपिंग इन्स्टिट्यूटच्या बाई. स्वस्त मदरबोर्ड घ्यावा का? माझं उत्तर आहे, अवश्य घ्यावा. आणि तरीही त्या तरुणाला मी दोन हजारांचा बोर्ड घेऊ दिला नाही.

बाजारात स्वस्त बोर्ड दोन जातींचे आहेत आणि दुकानाच्या काउंटरवर ते शेजारी शेजारी ठेवलेले असतात. पहिला चालू पिढीतला सगळ्यात खालच्या पायरीचा. इंटेलच्या बाजूला एच-६१०, जो २०२२ च्या जानेवारीत आला आणि बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीचे प्रोसेसर घेतो. एएमडीच्या बाजूला २०२० सालचा ए-५२०. हे बोर्ड साधारण साडेपाच ते सात हजारांत मिळतात. दुसरा, म्हणजे त्या तरुणाला सांगितलेला दोन हजारांचा, आहे एच-६१. खोकं कोरं, प्लास्टिकचं सील कोरं, वर चकचकीत स्टिकर. पण त्यावरचा चिपसेट २०११ सालचा आहे. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसतो, म्हणजे २०११-१२ चा, आणि तो आता मिळतो तो वापरलेलाच. रॅम लागते डीडीआर-३, तीही बहुतेक जुन्या मशिनीतून काढलेली. असे बोर्ड चीनमधल्या छोट्या कारखान्यांतून येतात. भंगारातल्या बोर्डांवरचे चिपसेट उपसून ते नव्या पाटीवर बसवण्याचा धंदा तिथं वर्षानुवर्षं चालत आला आहे. म्हणून मी या बोर्डाला स्वस्त म्हणत नाही, शिळा म्हणतो.

भंडाऱ्याची ओळख पितळी भांड्यांची. आमच्याकडची जुनी माणसं गुंड विकत घेताना आधी हातात तोलून बघत, मग बोटानं वाजवत. कारण फुटलं तरी मोडीत किंमत येईल हे ठाऊक असायचं. एच-६१ ला मोड नाही. त्याचा प्रोसेसर पुढच्या बोर्डात बसत नाही, रॅमही बसत नाही. बोर्ड गेला की त्याच्याबरोबर सगळंच गेलं. एच-६१० चा बोर्ड चार वर्षांनी गेला तर प्रोसेसर शाबूत, रॅम शाबूत, एसएसडी शाबूत.

त्याहून मोठी गोष्ट सुरक्षेची आहे. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. ज्यांना हवं त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी मर्यादित मुदतवाढ, एवढंच. विंडोज ११ ला रीतसर हवा असतो इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. एच-६१ त्यात कुठंच बसत नाही. आडवाटेनं विंडोज ११ टाकून देणारे आहेत, पण मोठ्या अपडेटच्या वेळी ते कुठं अडेल सांगता येत नाही. ज्या मशीनवर गावातल्या शंभर घरांचे आधार क्रमांक, बँकेच्या पासबुकांचे फोटो, अंगठ्याचे ठसे येतात जातात, ते मशीन कुलूप नसलेल्या कपाटासारखं ठेवायचं नसतं. म्हाताऱ्या बाईनं डोळे मिटून विश्वास ठेवून पासबुक हातात दिलेलं असतं. मला तो विश्वास दोन-चार हजारांच्या बचतीपेक्षा फार मोठा वाटतो.

घरात पोराला मराठी टायपिंगचा सराव करायचा असेल, त्यावर बँक नाही, आधार नाही, आणि जुना प्रोसेसर-रॅम आधीच पडून असेल, तर दोन हजारांत ते मशीन जागं करायला माझी हरकत नाही. त्यावर लिनक्स टाकून द्या, ते नीट चालतं. पण अर्ज भरणाऱ्याला तो मार्ग नाही. अंगठ्याच्या मशीनचं आणि डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजवरच चालतं.

आता दुसऱ्या टोकाकडे. काही दुकानांत साध्या आय-३ प्रोसेसरबरोबर बारा-चौदा हजारांचा बोर्ड गळ्यात मारतात. रंगीत दिवे, जाड पत्रे, चार रॅमच्या खाचा. टॅली, टायपिंग, फॉर्म, झूमवरची शिकवणी यांसाठी त्या जादा पैशांतून काहीच पदरात पडत नाही. तोच प्रोसेसर एच-६१० वर लावा, काम तेवढ्याच वेगानं होतं. स्वस्त बोर्डात रॅमच्या खाचा दोन, यूएसबी कमी, वेग ताणून वाढवायची सोय नाही. आपल्याला ती कशाला हवी? स्वस्त बोर्डाची खरी मर्यादा एकच, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतात जेमतेम १.२ च्या आसपास. हे उतरवण्याचं काम प्रोसेसरच्या शेजारी बसलेले छोटे छोटे काळे मॉस्फेट आणि चौकोनी कॉइल करतात. त्याला व्हीआरएम म्हणतात. ६५ वॅटचा प्रोसेसर १.२ व्होल्टवर चालवायचा तर पन्नास अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. आपल्या शेतातला पाच एचपीचा थ्री-फेज पंप एका फेजवर सात-साडेसात अँपिअर ओढतो, त्यावरून अंदाज करा. व्होल्ट कमी म्हणून शॉक लागत नाही, पण उष्णता तेवढीच खरी. आय-३-१२१०० पूर्ण ताकदीनं पळाला तरी ८९ वॅट घेतो. साधा एच-६१० बोर्ड तेवढं पेलतो. आय-७-१२७०० मात्र १८० वॅटपर्यंत जातो. तो स्वस्त बोर्डावर लावला की ते मॉस्फेट तापतात आणि बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग पाडतो. पैसे आय-७ चे आणि काम आय-५ चं. व्हिडिओ एडिटिंगचा किंवा लग्नाच्या अल्बमचा धंदा असेल तर बोर्डावर पैसे टाका, आणि घेताना एवढंच बघा की त्या मॉस्फेटांवर ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवलेला आहे की नाही.

उष्णता आपल्याकडे आणखी एका कारणानं महत्त्वाची आहे. बोर्डावर कॅपॅसिटर असतात. द्रव भरलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं, हा कारागिरांचा जुना ठोकताळा. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५ च्या घरात, वर टिनाचं छप्पर, दुकानात टेबलफॅन, आणि कॅबिनेट भिंतीला चिकटून. आत किती तापत असेल? पुण्यात सात वर्षं टिकलेला बोर्ड इथं तेवढा टिकेलच असं नाही. म्हणून घेताना कॅपॅसिटरकडे बघा. वरून सपाट धातूची टोपी आणि त्यावर फुलीसारखी चीर नसेल, तर तो बहुतेक घन पॉलिमरचा असतो. तो उन्हाळा जास्त सोसतो.

त्या तरुणाच्या बोर्डावर प्रोसेसरजवळचे तीन कॅपॅसिटर फुगून घुमटासारखे झाले होते. एकाच्या बुडाशी तपकिरी डाग होता. पंख्यावर कोंड्याचा थर, कारण दुकानाला लागून भात गिरणी. आणि एसएमपीएसच्या जाळीत वाळलेली पाल. मी तोच एसएमपीएस सुटा चालवून १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेवर मल्टिमीटर लावला. १२.९ व्होल्ट. पाच टक्के वरखाली चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. हा त्याच्या वर होता. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, वर "४५० वॅट" लिहिलेला, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका.

मी त्याला विचारलं, अर्थिंग आहे का? तो म्हणाला, "तीन पिनचा प्लग आहे ना जी." त्याच्याबरोबरची एक्स्टेन्शनची वायर उघडली तर आत दोनच तारा. तिसरी पिन नुसती शोभेची.

बोर्ड उडतात ते कशानं, हे आपण फार क्वचित विचारतो. स्वस्त होता म्हणून उडला, असं म्हणून पुढच्या वेळी महाग घेतो आणि तोही त्याच प्लगला लावतो. उन्हाळी धानाच्या दिवसांत संध्याकाळी पंप सुरू झाले की गावातला दाब इतका उतरतो की ट्यूबलाइट फडफडते. मग पंप बंद होतात आणि दाब एकदम वर चढतो. पावसाळ्याच्या तोंडावर विजा. वीज पडून माणसं, बैल गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. अशा वेळी नुसता प्लग काढून भागत नाही. छतावरच्या इंटरनेटच्या डिशमधून खाली उतरलेली लॅन केबलही काढावी लागते. वीज पडल्यावर माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बोर्डांचा लॅनचा कोपराच काळा पडलेला असतो.

म्हणून माझा हिशेब असा. महागड्या बोर्डावरचे जे पाच-सात हजार वाचतात, ते वाचवून घरी नेऊ नका. त्यातून नावाजलेल्या कंपनीचा, तीन-पाच वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. आणि उरलेल्या पैशांत घरामागं खड्डा खणून मीठ-कोळशाचं अर्थिंग करून घ्या. या तीन गोष्टींच्या आसऱ्यानं सहा हजारांचा बोर्ड जेवढा टिकेल, तेवढा यांच्याशिवाय चौदा हजारांचा टिकणार नाही.

खरेदीच्या वेळचं थोडं. पक्कं बिल मागा, त्यावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. नेहमीच्या मोठ्या कंपन्या बोर्डाला सहसा तीन वर्षांची वॉरंटी देतात, पण सर्व्हिस सेंटरसाठी बहुधा नागपूर गाठावं लागतं. बिलावर नंबर नसेल तर साठ किलोमीटरची ती फेरी वाया जाते. शिळ्या बोर्डावर तीन महिन्यांची तोंडी वॉरंटी मिळते. तेरा-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर घेत असाल तर बोर्डाचा बायोस त्याला पुरेसा नवा आहे का, हे दुकानातच चालू करून बघा. एच-६१० डीडीआर-४ चाही येतो आणि डीडीआर-५ चाही. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅम फार महागली आहे, त्यामुळे घरात डीडीआर-४ ची पट्टी असेल तर तोच बोर्ड घ्या. आणि एसएसडीसाठी एम.२ ची खाच हवीच.

एवढाही पैसा जमत नसेल तर? जमत नाही, हे मला माहीत आहे. एच-६१० म्हणजे नुसता बोर्ड नाही, प्रोसेसर आणि रॅमही नवी. तेव्हा मोठ्या कचेऱ्यांतून निघालेला आठव्या पिढीचा किंवा पुढचा डेल, एचपी, लेनोवोचा वापरलेला डेस्कटॉप बघा. त्यांचे बोर्ड आणि एसएमपीएस रोज आठ-दहा तास चालण्यासाठीच बनवलेले असतात. वापरलेला असूनही तो विंडोज ११ घेतो, आणि कोऱ्या खोक्यातला एच-६१ घेत नाही.

पवनीच्या त्या तरुणानं आईच्या बचत गटातून उचल घेतली. एच-६१० बोर्ड, आय-३, आठ जीबीची एक पट्टी, नवा एसएमपीएस. कॅबिनेट आणि एसएसडी जुनेच ठेवले. बारदानाही तोच. जाताना मी त्याला मल्टिमीटर धरून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब कसा मोजायचा ते दाखवलं. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा.

परवा त्याचा फोन आला. गावातल्या वायरमनला घेऊन त्यानं दुकानामागं खड्डा केला, कोळसा-मीठ भरलं, प्लगपर्यंत तिसरी तार ओढली. आधी २२ व्होल्ट दाखवत होतं. आता दीड. तुमच्या दुकानातही या रविवारी एकदा मोजून घ्या.