माळढोक, वीजतारा आणि तीन मंत्रालये

नवी दिल्ली : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत माळढोकला सर्वोच्च संरक्षण आहे. त्याची शिकार करणारा तुरुंगात जाऊ शकतो. राजस्थानच्या थर वाळवंटात मात्र या पक्ष्याला आज बंदुकीपेक्षा वीजतारांचे भय अधिक आहे, आणि तारेला धडकून झालेल्या मृत्यूची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कायद्यात सहजी सापडत नाही.

माळढोकचे शरीर जड आणि समोरची दृष्टी तोकडी. तार दिसेपर्यंत वळायला अवधी उरत नाही. थरमध्ये दरवर्षी सुमारे १८ माळढोक अशा रीतीने मरत असावेत, असा अंदाज भारतीय वन्यजीव संस्थेने २०१८ मध्ये वर्तवला होता. देशातील एकूण संख्या दीडशेच्या आसपास आणि मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी राजस्थान व गुजरातमधील अधिवासात वीजवाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. त्यात बदल मागण्यासाठी केंद्राची तीन मंत्रालये त्याच वर्षी न्यायालयात गेली. ऊर्जा आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयांची अडचण समजण्यासारखी होती. उच्चदाब वाहिनी जमिनीखालून नेणे महाग आणि तांत्रिकदृष्ट्या अवघड असते. पण तिसरे मंत्रालय पर्यावरणाचे, म्हणजे खुद्द या कायद्याच्या पालकाचे होते.

मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सरसकट निर्बंध मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार डिसेंबर २०२५ मध्ये राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातमध्ये ७४० चौरस किलोमीटरचे प्राधान्यक्षेत्र निश्चित झाले. आधीचे निर्बंध सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरवर होते.

न्यायालयाला इतक्या तपशिलात उतरावे लागले, कारण त्याआधी अडवणारे कोणी नव्हते. सौर आणि पवनऊर्जा प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागत नाही. अभयारण्याबाहेरच्या माळावर खांब उभा करताना पक्ष्याचा विचार करणे कोणत्याही खात्याचे बंधनकारक काम नव्हते.

जैसलमेर जिल्ह्यातील सम आणि रामदेवरा येथील प्रजनन केंद्रांत सरकारच माळढोकची पिल्ले वाढवत आहे. ती मोकळ्या माळावर सोडली जातील तेव्हा वर तारा असतील की नसतील, हे वन खात्याच्या नव्हे, तर वीज कंपन्यांच्या कामाच्या वेगावर अवलंबून आहे.